बातमीदाराच्या शरीराचाही हक्क असतो

(माध्यमांत काम करणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आयोजकांनी मला 'माध्यमांतल्या संधी' हा विषय दिला होता. तो मी त्यांच्याकडून बदलून घेतला. संधी सांगणारे वक्ते सकाळी होऊन गेले, उद्याही आहेत. मला बोलायचंय ते या धंद्यात आलेल्या, चांगलं काम केलेल्या आणि पस्तिशी गाठायच्या आत बाहेर पडलेल्या माणसांबद्दल. माझ्या आगेमागे मराठी माध्यमांत आलेली मुस्लिम मुलंमुली मला नावानिशी आठवतात, कारण ती होतीच इतकी थोडी. त्यांतला एक आता बँकेच्या जनसंपर्क विभागात आहे. एकीने बी.एड. करून शाळा धरली. एकजण मिरजेत मोबाइलचं दुकान चालवतो आणि खूश आहे. त्यांना कुणी काढलं नव्हतं. तेच थकले.

'थकले' म्हटलं की घरी सगळे म्हणतात, मग झोप, सुट्टी घे, गावाला जाऊन ये. दमलेल्या माणसाला झोप पुरते. मी सांगतेय तो प्रकार झोपेने जात नाही. इंग्रजीत त्याला बर्नआउट म्हणतात. मराठीत मला 'करपणं' हा शब्द बरा वाटतो. तवा फार तापला की भाकरी वरून काळी पडते आणि आतून कच्चीच राहते, तसं. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये हा शब्द अभ्यासात आणला. त्याने तो वापरला होता मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या, ध्येयाने आलेल्या कार्यकर्त्यांसाठी. हे लक्षात ठेवा. आळशी माणूस करपत नाही. ज्याला कामाची आच आहे, तोच करपतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आहे. ही आवृत्ती 2022 पासून लागू आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी स्थिती म्हटलंय. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर हे होतं. खुणा तीन. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं. कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवट होणं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. माझ्या मते पत्रकारांत पहिली खूण कुणाला दिसत नाही, कारण सगळेच दमलेले असतात. दुसरी खूण तर गुण समजली जाते. डेस्कवरचा जो माणूस अपघातातल्या मृतांचा आकडा ऐकून 'आठच? मग आतल्या पानावर घ्या' म्हणतो, त्याला आम्ही मुरलेला पत्रकार म्हणतो.

म्हणजे कारण कामाच्या ठिकाणी आहे. मग कामाचं ठिकाण कसं असतं, ते बघू.

तालुक्यापासून सुरू करते, कारण तुमच्यातले बरेच तिथूनच येणार. जिल्हा आवृत्तीत जे छापून येतं, त्यातला मोठा भाग तालुका वार्ताहर पाठवतो. त्याला पगार नसतो, मानधन असतं. काहींना तेही नसतं, फक्त ओळखपत्र असतं. त्यावर जाहिरातींचं टार्गेट. वर्धापन दिनाची पुरवणी, दिवाळी, स्थानिक नेत्याचा वाढदिवस. सकाळी ज्या नगरसेवकाविरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याकडेच दुपारी अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचं. मराठवाड्यातला एक बातमीदार मला म्हणाला होता, "आपा, मला बातमीचं टेन्शन येत नाही. वसुलीचं येतं." जाहिरातदाराने पैसे बुडवले की ते त्याच्या कमिशनमधून वळते होत. हा माणूस सकाळी साडेसहाला फोन हातात घ्यायचा आणि रात्री पान लागेपर्यंत ठेवायचा नाही.

शहरातल्या डेस्कवर वेगळी तऱ्हा. पूर्वी उपसंपादक एक पान लावायचा. आता तोच पान लावतो, वेबसाइटवर बातमी टाकतो, मोबाइलवर जाणारा अलर्ट लिहितो, रीलसाठी चार ओळी देतो आणि कोणत्या बातमीला किती व्ह्यूज आले हे भिंतीवरच्या स्क्रीनवर बघतो. छापील पेपराला निदान एक वेळ होती. डाक आवृत्ती गेली, शहर आवृत्ती गेली, यंत्र सुरू झालं, की माणूस मोकळा. वेबसाइटला शेवटची वेळच नाही. वाहिन्यांत तर प्रत्येक अर्ध्या तासाला बुलेटिन, आणि मैदानावरच्या पोराला एकाच वेळी फोनो, वॉकथ्रू, बाईट आणि स्वतःच्या मोबाइलवरून लाइव्ह. कॅमेरामन आता सगळीकडे मिळतोच असं नाही.

आता कायदा काय म्हणतो? कायद्याचं नाव काढलं की तरुण मुलं जांभया देतात, पण एवढं ऐका. श्रमिक पत्रकारांचा कायदा 1955 चा. त्यानुसार सलग चार आठवड्यांत 144 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. भागाकार करा. आठवड्याला 36 तास, म्हणजे सहा दिवस रोज सहा तास. सात दिवसांत सलग 24 तास विश्रांती. त्याखालच्या 1957 च्या नियमांत रात्रपाळी साडेपाच तासांची, आणि कुणालाही एका वेळी आठवडाभरापेक्षा जास्त रात्रपाळी लावायची नाही, चौदा दिवसांत एकच आठवडा. हे नियम मी माझ्या बरोबरीच्या कुणाला सांगितले की ते हसतात. रात्रपाळी म्हणजे आमच्याकडे अनेकांचं कायमचं बिऱ्हाड. आठवड्याला 36 तास ही मर्यादा कुणाच्या दयेने आलेली नव्हती. या कामात डोकं शाबूत राहायला हवं आणि चुकीच्या बातमीची किंमत समाज मोजतो, हे त्या वेळच्या लोकांना कळत होतं.

2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितांत हा कायदा विलीन झाला. 144 तासांची मर्यादा त्यातही आहे, आणि व्याख्येत आता टीव्ही आणि डिजिटलवाले पत्रकारही आलेत. हे चांगलं आहे. अडचण अशी की लाभ मिळतो तो 'श्रमिक पत्रकारा'ला, आणि ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, तोच श्रमिक पत्रकार. तालुका वार्ताहराचं किराणा दुकान असतं किंवा तो शाळेत क्लार्क असतो, कारण मानधनावर घर चालत नाही. मानधन कमी म्हणून दुकान टाकावं लागतं, आणि दुकान आहे म्हणून तो पत्रकार नाही. शहरातल्यांच्या नेमणूकपत्रावर 'सल्लागार' लिहिलेलं असतं. पगाराचंही तसंच. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने 2011 मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्या उचलून धरल्या, अंमलबजावणी होत नाही म्हणून अवमान याचिकांवर 2017 मध्ये पुन्हा निकाल दिला. एवढं होऊनही तुमच्या शहरातल्या दहा पत्रकारांना विचारा, कितीजणांना तो पगार मिळतो.

जास्त तास काम केल्याने खरंच काय होतं, असं विचारणारे असतात. जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेत मिवा सादो नावाची 31 वर्षांची बातमीदार होती. टोकियोतल्या निवडणुका कव्हर केल्यानंतर जुलै 2013 मध्ये हृदय बंद पडून ती गेली. त्याआधीच्या महिन्यात तिने 159 तास जादा काम केलं होतं आणि जेमतेम दोन दिवस सुट्टी घेतली होती. सरकारी यंत्रणेने हा अतिश्रमाने झालेला मृत्यू ठरवला. संस्थेने ही गोष्ट जाहीर केली 2017 मध्ये, चार वर्षांनी. जपानी भाषेत अशा मरणाला वेगळा शब्द आहे, कारोशी. ज्या समाजाने त्याला नाव दिलं, तिथे निदान कुणीतरी मोजतं. आपल्याकडे डेस्कवरचा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी गेला की आम्ही शोकसभा घेतो आणि 'कामावर निष्ठा असलेला सहकारी' म्हणतो.

हे सगळं सगळ्या पत्रकारांचं झालं. आता आपलं.

मुस्लिम पत्रकाराला या कामात एक जादा पाळी असते आणि तिची नोंद कुठल्याही हजेरीपटावर होत नाही. न्यूजरूममध्ये तुम्ही एकटेच असता. तीन तलाक, हिजाब, वक्फ, भोंगे, कुर्बानी, काहीही आलं की पहिला फोन तुम्हाला. 'जरा समजावून सांगा ना, तुमच्यात काय असतं?' पहिली दोन वर्षं मला हे आवडायचं, आपण उपयोगी पडतोय असं वाटायचं. नंतर लक्षात येतं की पाणी, शिक्षण, अर्थसंकल्प, क्रिकेट यांवर तुम्हाला कुणी विचारतच नाही. मला महापालिकेचं बजेट वाचायला आवडतं, हे माझ्या एका संपादकाला कळायला पाच वर्षं लागली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस चांगला होता. पण माणसाला एकाच खुंटीला बांधलं की तो त्या खुंटीभोवतीच झिजतो.

आणि घरी परतल्यावर दुसरी हजेरी. मोहल्ल्यात तुम्ही म्हणजे अख्खा मीडिया. देशातल्या कुठल्याही वाहिनीवर कुणीही काहीही बरळलं, की जाब तुम्हाला. माझे चाचा दारात उभे राहून म्हणाले होते, "तू भी उनमेंच की हो गई क्या?" रात्री दोनला ऑफिसच्या गाडीतून उतरणारी मुलगी म्हणून जे बोललं जायचं, ते वेगळंच. ऑफिसमध्ये तुम्ही समाजाच्या, समाजात तुम्ही ऑफिसच्या. मधल्या जागेत उभं राहणं वाईट नाही, मला ती जागा आवडते. पण तिथे सावली नसते.

मार्च-एप्रिल 2020 आठवा. निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि पुढचे कित्येक दिवस पडद्यावर, पानांवर, ग्राफिक्समध्ये विषाणूला टोपी घातली गेली. त्या दिवसांत एका वाहिनीत खालची पट्टी चालवायचं काम करणारी माझी एक मैत्रीण होती. मजकूर वरून यायचा, टाइप ती करायची. तिने नोकरी सोडली नाही, घरात वडिलांचं डायलिसिस चालू होतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, माध्यमांतून मोठा प्रचार झाला, असं निकालात नोंदवलं. 21 ऑगस्ट 2020 ची ही गोष्ट. ती बातमीही तिनेच टाइप केली. दोन ओळींची होती, दिवसभरात थोडाच वेळ चालली. तिला त्यानंतर झोप लागेनाशी झाली. एप्रिलमध्ये लागत होती, ऑगस्टपासून नाही.

याला काय म्हणायचं? हा थकवा नाही, भीतीही नाही. जोनाथन शे नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाला व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांत असं काही दिसलं आणि त्याने त्याला 'मॉरल इंजुरी' म्हटलं. नैतिक जखम. जे बरोबर आहे असं आपण मानतो, त्याच्या उलट काही आपल्या हातून करवलं गेलं किंवा आपल्यासमोर घडलं आणि आपण थांबवू शकलो नाही, तर ती होते. युरोपात आलेल्या निर्वासितांचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांवर टोरोंटोच्या अँथनी फाइनस्टीन यांनी केलेल्या अभ्यासातही हीच गोष्ट पुढे आली. या जखमेवर 'सुट्टी घे' हा इलाज लागू पडत नाही. तिला बोलायला विश्वासाचं माणूस लागतं, आणि आपल्या हातात किती होतं, किती नव्हतं, याचा हिशेब कुणाबरोबर तरी बसून करावा लागतो. माझ्या मैत्रिणीला असं बसणारं माणूस मिळालं. पण ते आपल्यातलं नव्हतं. तिच्या डेस्कवरचे एक वयस्कर मराठी उपसंपादक होते. गणपतीत ती त्यांची पाळी करायची, ईदला ते तिची करायचे, तेवढीच ओळख.

याच फाइनस्टीन यांच्या कामातली आणखी एक गोष्ट तुमच्या रोजच्या उपयोगाची आहे. युद्धभूमीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या पत्रकारांचा अभ्यास त्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या 28.6 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावाचा विकार झालेला होता. ते युद्धाचं झालं. 2014 मध्ये त्यांनी जे कधी रणांगणावर गेलेच नाहीत अशांना तपासलं. लोकांनी पाठवलेले हिंसेचे व्हिडिओ ऑफिसात बसून बघणारे, निवडणारे, कापणारे. त्रास त्यांनाही होत होता. आणि एका बैठकीत किती वेळ बघितलं यापेक्षा किती वेळा बघावं लागतं, हे जास्त घातक ठरत होतं.

आता तुमचा फोन काढा आणि सांगा, गेल्या महिन्यात जमावाने कुणाला मारल्याचा व्हिडिओ किती वेळा आला. मोहल्ल्याच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, 'ज़्यादा से ज़्यादा शेअर करो' म्हणून. सामान्य माणूस डोळे मिटून पुढे सरकतो. तुम्ही सरकू शकत नाही. कपडे कोणते, पाटी कोणत्या भाषेतली, आवाज मागाहून चिकटवलाय का, हा जुनाच व्हिडिओ आहे का, हे बघायला तुम्हाला तो दहा-वीस वेळा चालवावा लागतो. आणि मार खाणारा माणूस तुमच्या मामांसारखा दिसतो.

यावर काही साध्या सवयी आहेत, जगभरचे लोक त्या वापरतात. पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवा, किंकाळी चित्रापेक्षा खोल जाते. खिडकी लहान करा. चेहऱ्यावर बोट किंवा कागद ठेवा आणि पाटी, रस्ता, सावली तपासा. व्हिडिओ आपोआप चालू होण्याची सोय बंद करा. सहकाऱ्याला पाठवताना आत काय आहे ते आधी एका ओळीत लिहा. झोपायच्या आधी नाही, जेवताना तर नाहीच. हे सगळं फार किरकोळ वाटेल. हेल्मेटही किरकोळच वाटतं.

भीतीबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सिद्दीक कप्पन 5 ऑक्टोबर 2020 ला हाथरसला जाताना पकडले गेले आणि 2 फेब्रुवारी 2023 ला तुरुंगाबाहेर आले. 28 महिने. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम बायकांचा खोटा लिलाव मांडला गेला. त्यांत पत्रकार मुली होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी लवकर अटका केल्या, हे मुद्दाम सांगते. ज्यांचे फोटो तिथे लागले, त्यांच्यातल्या काहीजणींनी नंतर स्वतःचे फोटो काढून टाकले, लिहिणं कमी केलं. कुणी त्याला माघार म्हणू नये. पण त्या मुलीला त्या दिवशी ऑफिसातून एक फोन आला का, 'उद्या येऊ नकोस, पगार कापणार नाही, आणि तक्रार द्यायला आमचा वकील तुझ्याबरोबर येईल' असा? बहुतेक ठिकाणी 'दुर्लक्ष कर' एवढाच सल्ला मिळतो. दुर्लक्ष करणंही एक काम आहे. त्यालाही ताकद लागते आणि ती कुठून तरी खर्ची पडते.

आपल्या घरांत या सगळ्यावर एक उत्तर तयार असतं. सब्र करो. नमाज पढो, दिल को सुकून मिलेगा. माझा त्याला विरोध नाही, मला स्वतःला फजरनंतरच्या शांततेचा आधार आहे. पण सब्रचा अर्थ निमूट झिजणं असा लावला जातो, तेव्हा मला हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांचा किस्सा आठवतो. पैगंबरांनी या दोघांत भाईचारा लावून दिला होता. अबू दर्दा दिवसभर रोजे धरत, रात्रभर नमाजात उभे राहत, घराकडे लक्ष नाही. सलमान त्यांच्याकडे मुक्कामाला गेले, आग्रहाने जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं, आणि तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे तसा तुझ्या जिवाचा आणि तुझ्या घरच्यांचाही आहे, असं समजावलं. हे पैगंबरांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी सलमानचंच म्हणणं बरोबर ठरवलं. बुखारीत हा प्रसंग आहे. विचार करा, इथे अडवलं जातंय ते इबादतीला. मग ब्रेकिंग न्यूजचं काय घेऊन बसलात? आणि ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर त्याचं ईमान कच्चं, असं बोलणाऱ्याला विचारा, साखर वाढल्यावर तुम्ही कुठे जाता?

आता मला थोडं कडू बोलायचंय, आणि ते मालकांबद्दल नाही. आपल्याबद्दल आहे.

प्रत्येक सभेत एक ठराव होतो, समाजाचा स्वतःचा मीडिया हवा. टाळ्या पडतात. मग एखादा पोरगा कर्ज काढून कॅमेरा घेतो, यूट्यूब चॅनेल सुरू करतो. तोच बातमीदार, तोच कॅमेरामन, तोच एडिटर, थंबनेलही तोच बनवतो. नळाला पाणी नाही, रेशन दुकानदार माप मारतो, शादीखान्याचं काम अर्धवट पडलंय, पोर धावत जातं. त्याला जलशाचं शूटिंग करायला बोलावतात. मंडपवाल्याला पैसे मिळतात, लाउडस्पीकरवाल्याला मिळतात, बिर्याणीवाल्याला आगाऊ मिळतात. पोराला म्हणतात, 'बेटा, क़ौम की ख़िदमत है.' मग त्याने त्याच शादीखान्याच्या हिशेबावर बातमी केली की तेच लोक म्हणतात, विकला गेला. दीड-दोन वर्षांत ते चॅनेल बंद पडतं, आणि आपण पुढच्या सभेत पुन्हा ठराव करतो.

हा मुलगा करपला तर त्याला कुठला कारखानदार, कुठला मालक जबाबदार? त्याचे मालक आपणच होतो आणि आपण त्याला 1955 च्या कायद्याएवढीही वागणूक दिली नाही. मोठ्या माध्यमसमूहांना आपण जे प्रश्न विचारतो, ते आधी आपल्या ट्रस्टना, जमातींना, आपल्या चळवळींना विचारले पाहिजेत. हो, या मासिकालाही. इथे लिहिणाऱ्यांना मानधन मिळतं का, हे मी आयोजकांना येतानाच विचारलं. ते थोडं देतात म्हणाले. थोडं जास्त द्या.

संघटनेबद्दल एक शब्द. मुंबईत बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत श्रमिक पत्रकार संघ आहेत. आपली मुलं तिथे सभासद होत नाहीत. तिथे आपलं कोण, असं म्हणतात. 2020 च्या टाळेबंदीत पगार कापले गेले, आवृत्त्या बंद झाल्या, माणसं एका मेलवर घरी बसवली गेली, तेव्हा याच युनियनने दुसऱ्या संघटनांबरोबर सर्वोच्च न्यायालयात याचिका नेली. काढल्या गेलेल्यांत सगळ्या जातिधर्मांचे होते. तास आणि पगार हे प्रश्न एकट्या मुसलमान पत्रकाराला सोडवता येणार नाहीत, आणि एकट्याने सोडवायचेही नाहीत. वर्गणी भरा, सभेला जा, मागच्या खुर्चीवर बसा, पण जा. आणि नेमणूकपत्र हातात आलं की सही करण्यापूर्वी ते कुणाला तरी दाखवा. तिथे हुद्दा काय लिहिलाय, तास लिहिलेत का, आठवड्याची सुट्टी लिहिलीय का. आरोग्य विम्यात मानसिक आजार आहे का हेही बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण मानसिक आजारांना द्यायला सांगितलंय.

आणि आज रात्रीच कुणाला गरज वाटली तर 14416. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या. स्वतःसाठी नसेल तर शेजारी बसलाय त्याच्यासाठी.

शेवटी एक काम ठरवून उठायचंय. इथे आज स्वतःचं चॅनेल किंवा पोर्टल चालवणारे किती आहेत? हात वर करा. अकरा. बरं. या अकराजणांनी दुपारच्या जेवणाआधी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी या. दोन-दोनच्या जोड्या लावू, सहाव्या जोडीत मी. आठवड्यातला एक दिवस जोडीदार तुमचं चॅनेल सांभाळेल, एक दिवस तुम्ही त्याचं. त्या दिवशी फोन बंद, ग्रुप बंद. आणि हॉलमध्ये मागे बसलेले जे बुजुर्ग आहेत, जे ट्रस्टचं काम बघतात, त्यांनीही त्याच टेबलाशी यावं. पुढच्या जलशाच्या खर्चाच्या यादीत मंडप आणि लाउडस्पीकरच्या खाली बातमीदाराची एक ओळ घालायची आहे. रक्कम किती, ते मी सांगणार नाही, या अकराजणांना विचारा.